मुक्या कळांचे शास्त्र : प्रस्तावना

डेस्कटॉपच्या नेहमीच्या कीबोर्डवर १०४ कळा असतात. त्यांतल्या आठ कळा स्वतः काही लिहीत नाहीत, दुसऱ्या कळेचा अर्थ तेवढा बदलतात: दोन शिफ्ट, दोन कंट्रोल, दोन आल्ट आणि दोन विंडोज, किंवा मॅकवर त्यांच्या जागी कमांड. मात्रा जशी व्यंजनाशिवाय उभी राहत नाही, तशा या कळा दुसऱ्या कळेच्या आधारानेच बोलतात. तरी कीबोर्डच्या दरबारात त्यांचा मान मोठा. यूएसबी कीबोर्ड संगणकाला जो अगदी प्राथमिक संदेश पाठवतो, तो आठ बाइटांचा असतो. त्यातला पहिला अख्खा बाइट या आठ जणींसाठी राखलेला, प्रत्येकीला एक बिट. दुसरा बाइट रिकामा. उरलेल्या सहा बाइटांत बाकीच्या ९६ कळांनी दाटीवाटीने बसायचे, आणि तेही एका वेळी फार तर सहा जणींनी.

या आठ कळांना मॉडिफायर म्हणतात. त्या आणि त्यांच्यावर उभे असलेले शॉर्टकट आपल्या हाताला हवे तसे वळवून घेण्याच्या विद्येची ही प्रस्तावना. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही ज्याला येत नाही असा संगणक वापरणारा आता शोधून सापडायचा नाही. पण त्यापलीकडे बहुतेकांच्या लेखी शॉर्टकट म्हणजे यादी: टेबलाजवळ भिंतीला चिकटवलेला तक्ता, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेले ‘हे पंचवीस शॉर्टकट पाठ करा’. यादी पाठ करायला हरकत काहीच नाही. मात्र ती यादी कुणी, कोणत्या अडचणीपोटी ठरवली आणि ती बदलायची तर हात नेमका कुठे घालायचा, हे यादीत लिहिलेले नसते. नवखा माणूस विचारतो, ‘कोणती कळ बदलू?’ हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न पुढचा: ती बदलायची कुठे? कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, भाषेच्या मांडणीत, की एकट्या वर्डमध्ये? या पुस्तकाचा सगळा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. या क्षेत्रात जे फसतात त्यांतले बहुतेक कळ चुकीची निवडल्यामुळे फसत नाहीत. योग्य कळ चुकीच्या पातळीवर बदलल्यामुळे फसतात.

आधी थोडा इतिहास. तो मनोरंजनासाठी नाही. आजच्या प्रत्येक अडचणीचे मूळ त्यात सापडते म्हणून.

शिफ्ट सगळ्यांत जुनी. रेमिंग्टनच्या १८७८ सालच्या दुसऱ्या टाइपरायटरवर ती आली, तेव्हा ती खरोखरच काहीतरी सरकवत असे: कागदाचा रूळ जागचा हलायचा आणि त्याच दांडीवरचे दुसरे अक्षर कागदावर आपटायचे. कंट्रोलचा जन्म टेलिप्रिंटरच्या दुनियेतला. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली ठरली. तिच्यात पहिले ३२ क्रमांक अक्षरांना दिलेच नव्हते. ते यंत्राला द्यायच्या हुकमांसाठी राखले होते: घंटा वाजव, ओळ बदल, संदेश संपला. हे हुकूम कीबोर्डवरून द्यायचे कसे? कंट्रोल दाबून अक्षर दाबले की अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा. मोठ्या सीचा क्रमांक ६७, म्हणून कंट्रोल सी म्हणजे ३. जीचा ७१, म्हणून कंट्रोल जी म्हणजे ७, आणि सात म्हणजे घंटा. आजही लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल सी दाबले की मजकूर कॉपी होत नाही, चालू असलेला प्रोग्रॅम थांबतो. त्याचे कारण हे.

या वजाबाकीचे एक टोक आजच्या वापरणाऱ्यालाही टोचते. आयचा क्रमांक ७३. ६४ गेले, राहिले ९. आणि ९ हा टॅबचा क्रमांक. एमचे उरतात १३, तो एंटरचा. म्हणजे जुन्या पद्धतीच्या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला कंट्रोल आय आणि टॅब यांतला फरक कळूच शकत नाही. दोन्हीकडून त्याच्या हाती ९ हाच आकडा पडतो. ‘कंट्रोल आयला मी वेगळे काम दिले, तर टॅबच बिघडला’ ही तक्रार शिकाऊ प्रोग्रॅमर हमखास करतो. दोष त्याचा नसतो आणि त्याच्या एडिटरचाही नसतो. अलीकडच्या काही टर्मिनलांनी यावर नवे संकेत काढले आहेत, पण दोन्ही बाजूंना ते समजत असले तरच उपयोग.

पुढचा मुक्काम अमेरिकेतल्या विद्यापीठांचा. १९७६ च्या सुमारास एमआयटीमध्ये ईमॅक्स आणि बर्कलेला व्हीआय असे दोन एडिटर तयार झाले. दोघांचे स्वभाव ठरले ते समोर असलेल्या कीबोर्डांवरून. व्हीआय लिहिणारा बिल जॉय एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर काम करत होता. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. एस्केप आज टॅब असते तिथे होती, आणि कंट्रोल आज कॅप्स लॉक असते तिथे. व्हीआयमध्ये आजतागायत कर्सर एच-जे-के-एलने हलतो आणि घडोघडी एस्केप दाबावी लागते, याचे नवल वाटायला नको. त्या कीबोर्डवर एस्केप करंगळीपासून बोटभर अंतरावर होती. आपण तिला कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि मग एडिटरला नावे ठेवली.

एमआयटीतली गोष्ट उलट्या टोकाची. तिथल्या लिस्प यंत्रांसाठी जॉन कल्प यांनी जो कीबोर्ड रचला तो ‘स्पेस कॅडेट’ म्हणून ओळखला जातो. त्याच्यावर शिफ्ट, कंट्रोल, मेटा, सुपर, हायपर, टॉप, फ्रंट अशा सात प्रकारच्या मॉडिफायर कळा होत्या. तो कीबोर्ड आता संग्रहालयात गेला, पण नावे उरली आहेत. ईमॅक्सच्या पुस्तकांतली मेटा म्हणजे आपली आल्ट. लिनक्सवाले विंडोजच्या कळेला सुपर म्हणतात. हायपर तर नव्याने अवतरली आहे: हौशी मंडळी कॅप्स लॉकला चारही मॉडिफायर एकदम दाबल्याचे काम देतात आणि तिला हायपर म्हणतात, कारण चौघी एकत्र दाबायच्या शॉर्टकटवर कुणाचाच दावा नसणार असा त्यांचा हिशेब. मायक्रोसॉफ्टने तोही मोडला. विंडोजवर कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि विंडोज एकत्र धरून एल दाबले की लिंक्डइन उघडते. एवढा खटाटोप करून लिंक्डइन उघडणारा कोण असेल, देव जाणे.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर कंट्रोल एच्या डावीकडे होती आणि कॅप्स लॉक स्पेसबारच्या उजवीकडे. १९८० च्या दशकाच्या मध्यास १०१ कळांचा नवा कीबोर्ड आला तेव्हा कॅप्स लॉक एच्या शेजारी बसली आणि कंट्रोल खाली कोपऱ्यात गेली. कार्यालयांतल्या टाइपरायटरवर लॉक तिथेच असे, आणि टायपिस्टच्या हाताची सवय जपणे आयबीएमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. त्यानंतर जगभरच्या कीबोर्डांनी तीच नक्कल केली. तेव्हापासून बैठकीच्या ओळीतली, करंगळीच्या अगदी बाजूची मोक्याची जागा अशा कळेने अडवली आहे जी आपण दिवसात एकदाही मुद्दाम दाबत नाही.

आता कॉपी-पेस्ट. कापणे, उतरवणे, चिकटवणे ही कल्पना झेरॉक्स पार्कमध्ये लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या जिप्सी या प्रोग्रॅममध्ये १९७० च्या दशकात घडली. टेस्लर पुढे अॅपलमध्ये गेले, आणि १९८३ च्या लिसावर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली चौकडी ठरली: उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताच्या टप्प्यात असलेल्या सलग चार कळा. मॅकवर त्यांच्या जोडीला अॅपलने कंट्रोल न घेता स्वतंत्र कळ दिली, कमांड, आणि ती बसवली स्पेसबारला लागून, अंगठ्याखाली. तिच्यावरची चार फासांची खूण सुसान केअर यांनी निवडली. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर ती असते. खूण कुठून आली हे माहीत नसले तरी बिघडत नाही. कळेची जागा मात्र लक्षात ठेवावी, कारण तिचे दोन परिणाम दूरवर गेले. एक, मॅक वापरणाऱ्याची कॉपी अंगठ्यावर पडते, पीसीवाल्याची करंगळीवर. दोन, मॅकवर कंट्रोल मोकळी राहिली. त्यामुळे मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड सी कॉपी करते आणि कंट्रोल सी प्रोग्रॅम थांबवते, भांडणच नाही. शिवाय कुठल्याही साध्या मजकुराच्या चौकटीत कंट्रोल ए ओळीच्या सुरुवातीला आणि कंट्रोल ई शेवटाला नेते, ईमॅक्सच्या वळणाने. लिनक्सवाल्याला टर्मिनलमध्ये कॉपी करायला शिफ्टही जोडावी लागते आणि अध्येमध्ये ती विसरून चालू काम मारले जाते.

विंडोजने ही चौकडी उशिरा स्वीकारली. आधी तिथे आयबीएमच्या १९८७ च्या नियमावलीतले शॉर्टकट होते: कॉपीला कंट्रोल इन्सर्ट, पेस्टला शिफ्ट इन्सर्ट, कटला शिफ्ट डिलीट. ते आजही बहुतेक ठिकाणी चालतात. ज्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल सी दुसऱ्याच कामाला जुंपलेली असते, तिथे हे म्हातारे शॉर्टकट उपयोगी पडतात. आल्ट एफ४ सुद्धा त्याच घराण्यातला.

इतिहास इथे थांबवून यंत्राच्या आत जाऊ. कॅप्स लॉक दाबली की काय होते ते पायरीपायरीने पाहावे, कारण फेरबदलाची प्रत्येक युक्ती यातल्या कुठल्यातरी एका पायरीवर बसते. कळांच्या खाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. कीबोर्डमधली चिप ती जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासते, आणि कुठली गाठ जुळली ते पाहून संगणकाला यूएसबीवरून सांगते: ५७. हा कॅप्स लॉकचा यूएसबी मानकातला क्रमांक. लिनक्सचा गाभा तो ऐकतो आणि स्वतःच्या जुन्या वहीतला क्रमांक पुढे देतो: ५८. एक्स विंडो ही खिडक्यांची जुनी व्यवस्था त्यात आठ मिळवते आणि ६६ म्हणते. इथवर ‘कॅप्स लॉक’ हे नाव कुठेच आलेले नाही. फक्त जागेचा क्रमांक फिरतो आहे. ६६ म्हणजे कॅप्स लॉक हे ठरवते त्यापुढची पायरी, भाषेची मांडणी. मग खिडक्यांचा व्यवस्थापक विचारतो, हा माझा शॉर्टकट आहे का? नसेल तर तो प्रोग्रॅमकडे जातो. आणि कॅप्स लॉकचा तो छोटा दिवा? तो कीबोर्ड स्वतः लावत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम उलट निरोप पाठवते, तेव्हा तो लागतो.

विंडोजमध्ये हाच प्रवास थोड्या वेगळ्या नावांनी होतो. रजिस्ट्रीतल्या ‘स्कॅनकोड मॅप’ या नोंदीत ५८ च्या जागी २९ लिहिले (हेक्साडेसिमलमध्ये) की कॅप्स लॉक डावी कंट्रोल होते. हा बदल खोलवरचा: संगणक पुन्हा सुरू करावा लागतो, प्रशासकाचे हक्क लागतात, आणि तो त्या यंत्रावरच्या सगळ्यांना लागू होतो. पॉवरटॉइज किंवा ऑटोहॉटकी हे वरच्या मजल्यावर काम करतात. ते चालू असतील तोवर बदल, बंद केले की मूळ स्थिती. मॅकवर साध्या अदलाबदलीची सोय सेटिंगमध्येच आहे, गुंतागुंतीच्या कामाला काराबिनर. लिनक्सवर एक्सकेबीच्या मांडणीत एका ओळीचा पर्याय घालून भागते. आणखी खोल जायचे तर केडी किंवा कनाटा. सगळ्यांत तळाशी कीबोर्डच्याच चिपमधला प्रोग्रॅम. क्यूएमके या मुक्त प्रकल्पावर चालणारे कीबोर्ड आपली मांडणी पोटात घेऊन फिरतात. ज्या कार्यालयात काहीही इन्स्टॉल करायला बंदी असते तिथे हाच मार्ग उरतो, कारण संगणकाच्या दृष्टीने तो एक साधासुधा कीबोर्ड असतो.

लॅपटॉपवरची एफएन ही कळ या सगळ्याला अपवाद. बहुतेक यंत्रांत ती चिपच्या पलीकडे जातच नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला तिचा पत्ता नसतो, म्हणून सॉफ्टवेअरने ती बदलता येत नाही. आपल्याकडे याचा फटका बसतो तो टॅलीवर काम करणाऱ्यांना. टॅलीत एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. वर्षानुवर्षे बोटांत बसलेला क्रम. नवा लॅपटॉप आला की याच कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करू लागतात. उपाय फेरबदलाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधू नये. यंत्राच्या बायॉस सेटिंगमध्ये किंवा एफएन लॉकमध्ये शोधावा. त्याच टॅलीत कंट्रोल ए म्हणजे व्हाउचर मंजूर, बाकी सगळीकडे कंट्रोल ए म्हणजे सगळा मजकूर निवड. अकाउंटंटची बोटे हा दुहेरी अर्थ इतका सहज पेलतात की कौतुक वाटते. पण म्हणूनच त्यांच्या यंत्रावर कंट्रोल एला हात लावू नये.

एकच शॉर्टकट दोघांना हवा असेल तर मिळतो कुणाला? वरच्या पायऱ्यांचा क्रम आठवला की उत्तर मिळते: जो आधी उभा आहे त्याला. टर्मिनलमध्ये कंट्रोल डब्ल्यू मागचा शब्द पुसते. तोच टर्मिनल ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडला तर कंट्रोल डब्ल्यू टॅबच बंद करते, कारण ब्राउझर पानाच्या आधी उभा आहे आणि हा शॉर्टकट तो पानाला देत नाही. काही जोड्या तर कुणालाच मिळत नाहीत. कंट्रोल आल्ट डिलीट ही आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पीसी पुन्हा सुरू करण्यासाठी योजलेली त्रयी. विंडोज एनटीने ती सुरक्षेसाठी स्वतःकडे घेतली, म्हणजे लॉगिनचा खोटा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ती पकडता येऊ नये. ती ऑटोहॉटकीनेही पकडता येत नाही, आणि यायलाही नको.

आता मराठी लिहिणाऱ्याचा खास प्रश्न. इंग्रजीतल्या पुस्तकांत तो सहसा भेटत नाही, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळतो.

१९८० च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. शिफ्टचे काम तिथे नेमके आहे: के या कळेवर क, शिफ्टसह ख, एनवर ल, शिफ्टसह ळ, जेवर र, शिफ्टसह ‘वाऱ्यावर’मधला ऱ. आता इनस्क्रिप्ट चालू असताना कंट्रोल सी दाबले तर काय व्हावे? त्या कळेवर तर म आहे. शॉर्टकट जागेला बांधलेला असतो की अक्षराला? विंडोज जागा आणि अक्षर यांच्या मध्ये तिसरा, आभासी कळेचा क्रमांक ठेवते. मराठी मांडणीतही ती कळ ‘सी’च राहते, म्हणून कॉपी होते. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम मराठीत काही जुळले नाही तर यादीतली इंग्रजी मांडणी तपासून पाहतात. मॅकने ड्वोरॅक मांडणीवाल्यांसाठी वेगळीच तोड काढली: कमांड धरली आहे तोवर क्वर्टी, सोडली की पुन्हा ड्वोरॅक. व्हीआयच्या घराण्यात मात्र पंचाईत होते. तिथे हुकूम हे अक्षरच असते. जे दाबायचे तर र जातो आणि कर्सर जागचा हलत नाही. विममध्ये त्यासाठी लँगमॅप हा पर्याय आहे. ईमॅक्सने हा प्रश्न फार पूर्वीच नीट सोडवला. त्याच्या पोटातच देवनागरी इनस्क्रिप्ट आहे आणि ती फक्त लिहायच्या अक्षरांना हात लावते, कंट्रोलच्या जोड्यांना नाही. मराठीत सलग लिहिणाऱ्याला मी ईमॅक्स सुचवतो तो याच गुणासाठी, त्याचे बाकीचे चोचले सोसून.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांवर वाढलेल्या डीटीपी ऑपरेटरांची परंपरा आणखी निराळी. जोडाक्षरांचे तुकडे फाँटात होते पण कळांवर मावत नव्हते, म्हणून आल्ट धरून नंबर पॅडवर चार आकडे. असे संकेत तोंडपाठ असलेली माणसे अजून कामावर आहेत. युनिकोडने ती गरज संपवली. पण आल्टचा तिसऱ्या मजल्यासाठी उपयोग करायची कल्पना टिकली. विंडोजच्या ‘इंग्रजी (भारत)’ मांडणीत उजवी आल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटतो. २०१० साली स्वीकारलेल्या या चिन्हाला कीबोर्डवर वेगळी कळ शोधत बसावे लागत नाही ते यामुळे. याच कारणाने विंडोजवर कंट्रोल आल्टच्या जोड्या स्वतःसाठी घेताना सावध राहावे: विंडोज कंट्रोल आणि आल्ट मिळून उजवी आल्ट समजते, आणि आपला लाडका शॉर्टकट एखाद्या मांडणीतले चिन्ह गिळून बसतो.

सध्या ‘होम रो मॉड्स’ची लाट आहे. मॉडिफायर कोपऱ्यातून काढून बैठकीच्या ओळीवरच आणायच्या: टिचकी मारली तर डी, धरून ठेवली तर कंट्रोल. इंग्रजीसाठी कल्पना उत्तम आहे. इनस्क्रिप्टवर ती आणण्याआधी ‘प्रस्तावना’ हा एकच शब्द टाइप करून पाहा. प, हलन्त, र, स, हलन्त, त, काना, व, न, काना. कळांच्या भाषेत एच, डी, जे, एम, डी, एल, ई, बी, व्ही, ई. हलन्त डीवर आहे आणि जवळजवळ प्रत्येक जोडाक्षरात तो लागतो. क्यूएमकेत टिचकी आणि धरणे यांतली सीमा मुळात २०० मिलिसेकंदांची. डी त्याहून जरा रेंगाळली आणि जे तिच्यावर पडली, तर ‘प्र’ऐवजी वर्डला कंट्रोल जे मिळते आणि परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ होतो. पुढे ‘स्त’ला तेच झाले तर कंट्रोल एल, म्हणजे परिच्छेद पुन्हा डावीकडे. शब्द अर्धवट, पान मात्र दोनदा हलले. देवनागरीत लिहायचे तर मॉडिफायर अंगठ्यांना द्याव्यात, बैठकीच्या ओळीला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कॅप्स लॉक? इंग्रजी पुस्तके एकमुखाने सांगतात, तिला कंट्रोल करा. प्रोग्रॅमरसाठी ते योग्यच. पण देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, आणि मराठी लिहिणारा दिवसभर दोन लिप्यांत ये-जा करतो. त्याच्यासाठी ती मोक्याची जागा लिपी बदलायला द्यावी. लिनक्सवर हा तयार पर्याय आहे, आणि दुसऱ्या एका पर्यायाने कॅप्स लॉकचा दिवा मराठी चालू असताना लागतो. दिवा दिसला की मराठी. मॅकवरही कॅप्स लॉकने इंग्रजीत जाण्या-येण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. याहून सरस उपाय मॅकच्या जपानी कीबोर्डांवरून घ्यावा. तिथे स्पेसबारच्या दोन बाजूंना दोन कळा असतात, एक नेहमी इंग्रजी, दुसरी नेहमी जपानी. आलटून-पालटून चालणाऱ्या कळेला आपण आत्ता कुठे आहोत हे लक्षात ठेवावे लागते, ठरलेल्या दोन कळांना नाही. काराबिनरमध्ये डाव्या कमांडच्या टिचकीला इंग्रजी आणि उजवीच्या टिचकीला मराठी देता येते. मराठी-इंग्रजी मिश्र मजकूर हाताळणाऱ्या अनुवादकाला, उपसंपादकाला एवढ्या एका बदलाने जो आराम मिळतो, तो शंभर शॉर्टकटांनी मिळत नाही.

दोन कळा एकाच वेळी दाबणे ही सगळ्यांना परवडणारी चैन नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. एका हाताने काम करणाऱ्यासाठी, कंप असलेल्या बोटांसाठी ‘स्टिकी कीज’ आहे: शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचे. ही कल्पना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रातल्या कामातून रुजली. विंडोजवर शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की तिची चौकट येते. बहुतेक लोक ती चुकून आली म्हणून वैतागून बंद करतात. बंद करण्याआधी ती एकदा वापरून पाहावी. करंगळी दुखावलेल्या धडधाकट माणसालाही ती चांगली मानवते.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. विंडोजवाल्याने लिनक्सचे प्रकरण गाळू नये, कारण पायऱ्या तिथे उघड्या दिसतात. तुमचे एकच काम असू द्या: आठवडाभर स्वतःच्या हाताकडे पाहा, कुठला शॉर्टकट सगळ्यांत जास्त लागतो आणि कुठला हात वाकडा करतो ते टिपा, आणि मग फक्त एक बदल करा. दुसरा बदल पहिला हातात मुरल्यावर. कंट्रोल सी, व्ही, झेड यांना धक्का लावू नका. दुसऱ्याच्या यंत्रावर बसायची वेळ प्रत्येकावर येते.

खोलवरचा बदल लॉगिनच्या आधीच लागू होतो, म्हणजे मांडणी चुकली तर पासवर्डही टाकता येत नाही. म्हणून पहिला प्रयोग करताना एक साधा यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवा आणि चिपमधली मांडणी बदलायची असेल तर मूळची प्रत आधी उतरवून घ्या. केडी वापरत असाल तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की ते तत्काळ थांबते. कनाटासाठी डावी कंट्रोल, स्पेस आणि एस्केप. या दोन्ही जोड्या कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवा.